प्रोजेक्टरची वायर कुठल्या कार्डाला?

लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत प्रणालीवर, ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावर चित्र काढणारं कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) टाकायचा म्हटलं की जो तो आधी कमांड सांगतो. हे टाइप करा, रीस्टार्ट करा, झालं. मला कोणी विचारलं तर मी उलट विचारते: तुमच्या लॅपटॉपचा प्रोजेक्टर लावायचा एचडीएमआय पोर्ट आतून कुठल्या कार्डाला जोडलेला आहे? समोरचा माणूस बघत राहतो. त्यात त्याचा दोष नाही. गेल्या दिवाळीपर्यंत एका लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं असू शकतात हे माझ्याही गावी नव्हतं.

ठाण्याच्या नौपाड्यात मी दहावीचे विज्ञानाचे क्लास घेते. लॅपटॉप मूळचा भाच्याचा. २०१७ मध्ये इंजिनिअरिंगला असताना त्याने तो गेम खेळण्यासाठी हट्टाने घेतला होता. सातव्या पिढीचा इंटेल आय-५ आणि सोबत एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० कार्ड, ४ जीबीवालं. पुढे त्याला ऐरोलीला नोकरी लागली, कंपनीचा लॅपटॉप मिळाला आणि हा 'मावशी, तुला क्लासला होईल' म्हणून माझ्याकडे आला. झालाही चांगला. प्रकाशाचं अपवर्तन फळ्यावर काढण्यापेक्षा प्रोजेक्टरवर फेट या संकेतस्थळावरची सिम्युलेशन्स दाखवली की पोरांच्या डोक्यात लगेच शिरतं, आणि ती मराठीतही आहेत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला. लॅपटॉप बंद पडणार नव्हता, पण त्यात मुलांच्या फीचे हिशेब, पालकांचे फोन नंबर, सगळं आहे. सुरक्षेच्या अपडेट्सशिवाय ते तसंच इंटरनेटवर ठेवणं मला नको होतं. विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर बसत नाही. आणि केवळ प्रोसेसर एका पिढीने मागे राहिला म्हणून धडधाकट यंत्र भंगारात काढणं मनाला पटेना. पाडव्याला भाचा फराळाला आला तेव्हा मी विषय काढला. दुसऱ्या दिवशी तो उबुंटू २४.०४ चा, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकाराचा, पेनड्राइव्ह ठेवून गेला. "तासाभराचं काम आहे, तुझं तूच कर, शिकशील," म्हणाला. तो आठवीत असताना मी त्याला याच सुरात गणितं घालत असे, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू केला. मेन्यू आला, उबुंटूचं चिन्ह आलं, खालचं चक्र फिरायला लागलं आणि फिरता फिरता जागच्या जागी थांबलं. पंखा पूर्ण वेगात, कीबोर्ड मेलेला. पॉवरचं बटण दाबून धरून बंद करायचं, पुन्हा चालू करायचं, पुन्हा तेच. फोन लावला.

"मावशी, मेन्यूत दुसरी ओळ आहे बघ, सेफ ग्राफिक्स."

"म्हणजे पहिली अनसेफ होती?"

"घे गं तू ती."

घेतली आणि डेस्कटॉप आला. पण चेहरा उतरलेला. रिझोल्यूशन भलतंच, उजेड कमी-जास्त करायच्या कीज निकामी, खिडकी इकडून तिकडे ओढली की मागे चित्राचे तुकडे. सेटिंग्जमध्ये ग्राफिक्सपुढे 'एलएलव्हीएमपाइप' असं काहीसं लिहिलेलं. भाच्याने फोनवर उलगडून सांगितलं ते असं. 'सेफ ग्राफिक्स' म्हणजे कर्नेलला, लिनक्सच्या गाभ्याला, 'नोमोडसेट' असं बजावणं. तू स्क्रीनचा ताबा घ्यायचा नाहीस, कुठल्याही कार्डाचा ड्रायव्हर उठवायचा नाहीस, फर्मवेअरने (यंत्रातच बसवलेल्या प्रोग्रॅमने) सुरुवातीला जे साधं चित्र दिलंय त्यावरच भागव. मग रंगवण्याचं सगळं काम प्रोसेसर स्वतः करतो, आणि प्रोसेसरने केलेल्या त्या रंगकामाचं नाव एलएलव्हीएमपाइप. मी मुद्दाम स्टेलेरियम हे तारांगणाचं सॉफ्टवेअर टाकून बघितलं. ठिकाण ठाणे, रात्रीचे नऊ. आकाश माउसने ओढलं की तारे विचार करून मग हलायचे.

मग नेहमीच्या पद्धतीने का अडत होतं? कारण तिथे एनव्हिडियाच्या कार्डासाठी नूव्हो नावाचा ड्रायव्हर उठतो. हा कंपनीचा नाही. कार्ड कसं वागतं ते बाहेरून निरखून स्वयंसेवकांनी लिहिलेला, २०१० पासून कर्नेलच्या मुख्य शाखेत असलेला. माणसांचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण त्यांचे हात बांधलेले आहेत. २०१४ च्या सुमाराला आलेल्या कार्डांपासून पुढे कार्डाला कंपनीची सही असलेलंच फर्मवेअर चालतं, आणि वेग वाढवण्याची किल्ली त्या फर्मवेअरच्या आत आहे. माझं १०५० हे पास्कल पिढीचं. ते नूव्होवर चाललं तरी चालू होताना असलेल्या मंद वेगातच राहतं. माझ्या यंत्रावर तर तेवढंही चालत नव्हतं, सुरुवातीलाच गारठत होतं.

उबुंटू इन्स्टॉल करणं हा यातला सर्वांत सोपा भाग, त्यावर शब्द घालवत नाही. पण इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना ते पुन्हा तसंच गारठतं हे सांगायला हवं, कारण पेनड्राइव्हवरची 'सेफ' ओळ पेनड्राइव्हबरोबर गेलेली असते. लॅपटॉप चालू होताना एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेन्यू आणायचा. उबुंटूच्या ओळीवर असताना 'ई' दाबायचं. काळ्या पडद्यावर दहा-पंधरा ओळी येतात, त्यातली 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधायची. तिच्या शेवटी 'क्वाएट स्प्लॅश' असतं. त्यापुढे एक जागा सोडून 'नोमोडसेट' लिहायचं आणि एफ-१० दाबायचं. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो आणि तेच बरं. पुष्कळ जण तो कायमचा लिहून ठेवतात. मग खरा ड्रायव्हर टाकल्यावरही चित्र सुधारत नाही आणि ही मंडळी ड्रायव्हरच्या नावाने खडे फोडत बसतात.

आता ड्रायव्हर. भाचा म्हणाला, आधी 'एलएसपीसीआय' ही लॅपटॉपच्या आतले भाग दाखवणारी कमांड चालव आणि व्हीजीए किंवा थ्रीडी असं लिहिलेल्या ओळी मला वाचून दाखव. दोन निघाल्या. पहिली, इंटेल एचडी ग्राफिक्स ६३०. दुसरी, एनव्हिडिया जीपी१०७एम, म्हणजे माझं १०५०. दोन्हींच्या आधी 'व्हीजीए कंपॅटिबल कंट्रोलर'. तेव्हा मी ते नुसतं वाचलं. त्या तीन शब्दांत किती माहिती होती ते प्रोजेक्टर लावल्यावर कळलं, पण ते पुढे.

'उबुंटू-ड्रायव्हर्स' या कमांडने माझ्या कार्डाला चालणाऱ्या ड्रायव्हरांची यादी दिली. वेगवेगळे आकडे, त्यात ५८० पुढे 'रेकमेंडेड'. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग खुला केला, हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि मोठ्या आशेने विचारलं की मग मला तो खुलाच मिळेल ना. नाही. तो ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांना, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० पासून. पास्कलला बंद पेटीतलाच घ्यावा लागतो. एका पिढीने विंडोज हुकलं, एका पिढीने हेही.

५८० टाकायला सांगितल्यावर मध्येच एक पडदा आला आणि किमान आठ अक्षरांचा पासवर्ड मागू लागला. हा लॉगिनचा नाही, वाय-फायचा नाही, नवाच. इथे बरेच जण बिचकतात, म्हणून थोडं थांबून सांगते. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नेल सही नसलेला कुठलाही तुकडा आत घेत नाही. माझा ड्रायव्हर डीकेएमएस नावाच्या यंत्रणेने माझ्याच लॅपटॉपवर, माझ्या कर्नेलला मापून बांधला जात होता. त्यावर सहीही माझ्याच लॅपटॉपने तयार केलेल्या किल्लीची. पण ही किल्ली खरी कशावरून? कोणा चोराच्या प्रोग्रॅमनेही अशीच किल्ली बनवली असती. म्हणून नियम असा की किल्लीची नोंद चालू सिस्टीममधून होत नाही. रीस्टार्ट करायचं, आणि उबुंटू उठायच्या आधी येणाऱ्या निळ्या पडद्यावर माणसाने स्वतः समोर बसून ती मंजूर करायची.

तो निळा पडदा फक्त दहा सेकंद थांबतो. कुठलीही की दाबली नाही तर सरळ पुढे निघून जातो. मी गॅस बंद करून, दाराला कडी घालून बसले. 'एनरोल मॉक' (मॉक म्हणजे तीच किल्ली), मग 'कंटिन्यू', मग 'येस', मग तो पासवर्ड. टाइप करताना एक ठिपकासुद्धा उमटत नाही, त्यामुळे अक्षरं मनात मोजायची. नंतर 'रीबूट'. ही पायरी राहिली तर ड्रायव्हर टाकलेला असूनही उठत नाही आणि 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं उत्तर येतं. इंटरनेटवर यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे सिक्युअर बूटच बंद करून टाका. मला तो आळशीपणाचा वाटतो. पाच मिनिटांचं काम आहे, एकदाच करायचं आहे.

उबुंटू उठलं, स्वच्छ, पूर्ण रिझोल्यूशनमध्ये. 'एनव्हिडिया-एसएमआय' ही कार्डाची खबर देणारी कमांड दिल्यावर चौकटींचा तक्ता आला. कार्डाचं नाव, तापमान, ४०९६ एमबी मेमरी. स्टेलेरियमवर राइट-क्लिक करून 'डिस्क्रीट ग्राफिक्स कार्ड' निवडलं आणि आकाश ओढलं. लोण्यासारखं फिरलं. मग साध्या क्लिकने, म्हणजे इंटेलवर उघडलं. तेही तितकंच छान फिरलं.

इथे मी जरा थांबले. माझ्या कामाला दुसरं कार्ड लागतच नव्हतं! इंटेलचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आधीपासून असतो, काही टाकावं लागत नाही, आणि फेट, स्टेलेरियम, पीडीएफ, व्हिडिओ हे सगळं तो सहज ओढतो. मग या एनव्हिडियाला कशाला पोसायचं?

पोसायचं हा शब्द उगाच नाही वापरला. टाइप करताना डाव्या तळहाताखाली लॅपटॉप कोमट लागायचा, काही न करताही. यात तीन पद्धती असतात. सगळं एनव्हिडियावर, सगळं इंटेलवर, किंवा 'ऑन-डिमांड', म्हणजे एरवी इंटेल आणि सांगितलं तरच एनव्हिडिया. मी ऑन-डिमांडवर होते, तेव्हा रिकाम्या वेळी कार्ड झोपत असणार असा माझा समज. सिस्टीमच्या फोल्डरांत त्या कार्डाच्या नावाने 'रनटाइम स्टेटस' अशी एक फाइल असते, ती उघडली की एकच शब्द दिसतो. माझ्याकडे तो कायम 'अ‍ॅक्टिव्ह'. कारण असं की रिकाम्या वेळी कार्डाची वीज पूर्ण तोडण्याची सोय एनव्हिडियाचा ड्रायव्हर ट्युरिंगपासून पुढच्या कार्डांवरच देतो. पास्कल मंदावतं, पण जागंच राहतं. पॉवरटॉप या वीज मोजणाऱ्या प्रोग्रॅमवर काहीही न करता चौदा-पंधरा वॅट खर्च दिसत होता. 'प्राइम-सिलेक्ट' या कमांडने इंटेल निवडून रीस्टार्ट केलं तर आठच्या आसपास. फाइलमध्ये शब्द 'सस्पेंडेड'. तळहात गार. जुन्या बॅटरीला हा फरक फार मोठा. मी खूश होऊन इंटेलवरच राहायचं ठरवलं.

सुट्टी संपून क्लास सुरू झाले. पहिल्याच दिवशी प्रोजेक्टर लावला. 'नो सिग्नल'. वायर काढून घातली, दुसरी वायर आणली, प्रोजेक्टर बंद-चालू केला. मागच्या बाकावरून कोणीतरी "मॅडम, विंडोज टाका ना" म्हणालाच. त्या दिवशी भिंगं फळ्यावर काढली.

रात्री भाच्याशी बोलताना त्या तीन शब्दांचा उलगडा झाला. दुसरं कार्ड 'थ्रीडी कंट्रोलर' म्हणून दिसलं तर सहसा त्याला बाहेर जाणारी एकही वायर नसते. ते फक्त हिशेब करून चित्र इंटेलच्या हवाली करतं. 'व्हीजीए' म्हणून दिसलं तर त्याला स्वतःचे पोर्ट असण्याची शक्यता. माझ्या लॅपटॉपचा पडदा इंटेलला जोडलेला आणि एचडीएमआयचं भोक थेट एनव्हिडियाला. कारखान्यातच बोर्डावर तसे तांब्याचे मार्ग आखलेले. ठाण्याहून वाशीची गाडी नऊ-दहा नंबरवरूनच सुटते, तुम्ही एक नंबरवर कितीही वेळ उभे राहा, तसंच हे. सेटिंग्जमध्ये काहीही निवडा, प्रोजेक्टरचं चित्र एनव्हिडियाच्याच दाराने बाहेर पडणार, आणि इंटेल पद्धतीत ते दार बंद.

हे डोळ्यांनी बघायची सोय आहे. ऑन-डिमांडवर परत येऊन 'सिस' फोल्डरमधल्या 'क्लास' मध्ये 'डीआरएम' उघडलं. तिथे प्रत्येक कार्डाच्या नावापुढे त्याचा पोर्ट लिहिलेला असतो. एका कार्डापुढे 'ईडीपी', म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचा पडदा. दुसऱ्यापुढे 'एचडीएमआय'. कुठलं कार्ड कोणतं ते नुसत्या क्रमांकावरून ठरवू नये, तो बदलतो. 'एलएसपीसीआय'ने दाखवलेल्या पत्त्याशी ताडून बघावं. माझा निकाल स्पष्ट होता. मला ते कार्ड त्याच्या ताकदीसाठी नको होतं, त्याच्या एका भोकासाठी हवं होतं. चार जीबी मेमरीचं कार्ड, बंद पेटीतला ड्रायव्हर, निळा पडदा, किल्ली, हा सगळा खटाटोप एका वायरीपायी.

मी एक पळवाट शोधून बघितली. लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे. तो इंटेलला जोडलेला असेल तर टाइप-सीवरून एचडीएमआय काढता येईल, एनव्हिडिया झोपलेलं राहील. गोखले रोडवरच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने अ‍ॅडॅप्टर काढायच्या आधी लॅपटॉपच मागितला, पोर्टवर मोबाइलची टॉर्च मारली आणि मान हलवली. "ताई, याच्या बाजूला यूएसबीचंच चिन्ह आहे. डिस्प्ले पोर्टची खूण दिसत नाही. लावून बघा, पण पैसे देऊ नका अजून." लावलं, काही आलं नाही. त्या पोर्टमधून फक्त डेटा जातो. धंदा बुडाला तरी हसून म्हणाला, "असे रोज दोन-तीन येतात."

मग ऑन-डिमांडशी तह केला. त्यात इंटेल चित्र बनवतं, ते एनव्हिडियाकडे नकलून दिलं जातं आणि तिथून प्रोजेक्टरकडे जातं. पडद्यावर चित्र मांडण्याच्या नव्या, वेलँड पद्धतीत माझ्या प्रोजेक्टरवर माउस अडखळत होता, म्हणून लॉगिनच्या वेळी खालच्या दातेरी चक्रातून जुनं झॉर्ग निवडलं. उबुंटूच्या २५.१० आवृत्तीपासून लॉगिनला हा पर्यायच नाही, पण २४.०४ ला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत, तोवर मी निवांत. झाकण मिटून परत उघडल्यावर पडद्यावर रंगांचा चिखल दिसायचा. त्यावर कार्डाची मेमरी झोपताना जपून ठेवण्याचा एक पर्याय ड्रायव्हरमध्येच आहे, तो भाच्याने चालू करून दिला.

खरी फजिती जानेवारीत. क्लासला निघण्याआधी घरी अपडेट चालू होतं, त्यात ड्रायव्हरची नवी आवृत्ती. तेवढ्यात इमारतीतली लाइट गेली, आणि थकलेल्या बॅटरीने अर्ध्या वाटेत मान टाकली. क्लासला येऊन प्लगमध्ये लावलं, लॅपटॉप नेहमीसारखा उठला. प्रोजेक्टर मात्र 'नो सिग्नल'. 'एनव्हिडिया-एसएमआय' म्हणालं की ड्रायव्हरशी बोलणंच होत नाहीये.

आता मात्र मला नकाशा ठाऊक होता. पडदा उजळतोय म्हणजे इंटेल ठीक. एचडीएमआय मेलं म्हणजे एनव्हिडियाचं मॉड्यूल, ड्रायव्हरचा कर्नेलमध्ये बसणारा तुकडा, जागेवर नाही. डीकेएमएसला विचारलं, तर यादी रिकामी. जुनं मॉड्यूल काढून झालं होतं आणि नवं बांधून व्हायचं होतं, नेमकं त्याच फटीत वीज गेली होती. पॅकेजेस बसवणाऱ्या 'डीपीकेजी' ला राहिलेलं काम पुरं करायला सांगितलं. काळ्या खिडकीत ओळी सरकू लागल्या. पोरं पुढे येऊन बघायला लागली.

"मॅडम, हॅकिंग करताय?"

"नाही रे, बांधकाम चाललंय."

एकाने विचारलं, नवं मॉड्यूल प्रत्येक वेळी इथेच का बांधायचं, तयार का नाही मिळत? प्रश्न इतका नेमका होता की मी तो तसाच्या तसा भाच्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दोन-चार मिनिटांत बांधकाम आटोपलं, रीस्टार्ट केलं, प्रोजेक्टर उजळला, विद्युतधारेचे परिणाम सुरू झाले.

भाच्याचं उत्तर रात्री आलं: "त्या मुलाला माझ्याकडून वडापाव." तयार मिळतं! उबुंटू आपल्या प्रत्येक कर्नेलसाठी एनव्हिडियाचं मॉड्यूल आधीच बांधून, स्वतःची सही करून देतं. 'लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया' या नावाने सुरू होणारी पॅकेजेस. ती घेतली की डीकेएमएस नको, बांधकाम नको, आणि सही उबुंटूची असल्याने निळ्या पडद्यावर किल्ली नोंदवणंही नको. कर्नेल नवा आला की त्याच्या जोडीचं मॉड्यूल बरोबर येतं. ज्या मार्गदर्शिका वाचून मी सुरुवात केली त्या सगळ्या नुसता 'एनव्हिडिया-ड्रायव्हर' आणि पुढे आकडा असं टाकायला सांगतात, आणि त्या वाटेने गेलं की डीकेएमएस गळ्यात पडतं. 'उबुंटू-ड्रायव्हर्स' लाच 'इन्स्टॉल' म्हटलं तर ते आपणहून तयार मॉड्यूल बघतं. आता मी त्यावरच आहे आणि अपडेटकडे बघून छातीत धस्स होत नाही.

भाच्याशी एका गोष्टीवर मात्र अजून वाद चालू आहे. तो म्हणतो, नवा घेशील तेव्हा आरटीएक्सवालाच घे. खुलं मॉड्यूल चालतं, कार्ड नीट झोपतं, तुझ्या निम्म्या तक्रारी संपतील. त्याचं खरं आहे. पण मला विचाराल तर लिनक्ससाठी लॅपटॉप घेताना दुसरं कार्डच नको. नुसतं इंटेल किंवा नुसतं एएमडी. एएमडीचा खुला ड्रायव्हर २०१५ पासून कर्नेलमध्ये आहे. भाच्याच्या मित्राच्या रायझन (एएमडीचा प्रोसेसर) लॅपटॉपवर मी स्वतः बघितलं, पेनड्राइव्ह लावला आणि पडदा, प्रोजेक्टर, झोपणं-उठणं सगळं जागच्या जागी, ड्रायव्हर हा शब्द उच्चारायची वेळ आली नाही. ब्लेंडर किंवा एआयचं काम करणाऱ्याने एनव्हिडिया जरूर घ्यावं. दहावीच्या विज्ञानाला नको.

माझ्या १०५० ला ड्रायव्हरची ५८० ही शेवटची शाखा. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या तिन्ही पिढ्यांना पुढच्या शाखांमध्ये जागा नाही. त्यामुळे ५८० सांभाळून घेणाऱ्या कर्नेलांवर राहायचं, आणि म्हणूनही मी २४.०४ सोडत नाहीये. सध्याचा शिरस्ता असा: प्रोजेक्टरच्या दिवशी ऑन-डिमांड, एरवी घरी पेपर तपासताना इंटेल. मध्ये एक रीस्टार्ट.

गेल्या आठवड्यात कळव्याच्या एका शिक्षिकेचा फोन आला. लॅपटॉप साधारण माझ्याच वयाचा, म्हणजे माझ्या लॅपटॉपच्या, तक्रार तीच, गरम होतो आणि बॅटरी टिकत नाही. ड्रायव्हर कुठला टाकू, हा प्रश्न. मी त्यांना 'एलएसपीसीआय'च्या त्या दोन ओळींचा फोटो पाठवायला सांगितला. दुसऱ्या ओळीत 'थ्रीडी कंट्रोलर' होतं. त्यांना सांगितलं, बाई, काही टाकू नका. तुमचा एचडीएमआय बहुतेक इंटेलवर आहे. आधी प्रोजेक्टर लावून बघा. चित्र आलं तर दुसरं कार्ड झोपवून टाकायचं, एवढंच काम आहे. रविवारी त्या लॅपटॉप घेऊन येणार आहेत. प्रोजेक्टर माझाच वापरू, वायर त्यांची आणायला सांगितली आहे.